कलावंताचा सूड, पण कोणावर?

गुरुदत्त यांचा जन्म 9 जुलै 1925 चा. 2025 साली जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांचे जुने चित्रपट दुरुस्त प्रतींतून भारतात पुन्हा पडद्यावर आले आणि इकडे अमिरातीतही आपल्या मंडळींच्या बोलण्यात त्यांचे नाव निघू लागले. तेव्हा आम्ही एका शनिवारी शब्बाथ सुटल्यावर ‘कागज के फूल’ (1959) पाहिला आणि पुढच्या शनिवारी आर. बाल्की यांचा ‘चुप’ (2022). (2022 च्या जानेवारीपासून इथली सरकारी सुटी शनिवार-रविवारी आली, त्यामुळे अशा बैठकी आता जमतात, हे जाता जाता.) दुसरा चित्रपट म्हणजे पहिल्याच्या कर्त्याला वाहिलेली फुलांची ओंजळ आहे. आमची तक्रार एवढीच, की ओंजळ वाहणाऱ्याने समोरचा चेहरा नीट पाहिलेला नाही.

‘चुप’ची कथा थोडक्यात अशी. मुंबईत चित्रपट-समीक्षकांचे एकामागून एक खून पडू लागतात. मारेकरी प्रेताच्या कपाळावर तारे कोरून जातो. खुनाची तऱ्हाही त्या समीक्षकाच्या लेखणीतून उतरलेल्या शब्दांवरूनच त्याला सुचलेली असते. पोलीस अधिकारी अरविंद माथुर (सनी देओल) तपासाला लागतो आणि झेनोबिया नावाची मानसशास्त्रज्ञ बाई (पूजा भट्ट) त्याच्या मदतीला येते. दुसरीकडे वांद्र्याला डॅनी नावाचा एक फुलवाला आहे. नीला ही वर्तमानपत्रात नुकतीच लागलेली मुलगी आपल्या अंध आईसाठी ट्यूलिपची फुले घ्यायला त्याच्या दुकानात येते आणि दोघांचे सूत जमते. हा सालस फुलवालाच तो मारेकरी, हे प्रेक्षकाला लवकरच उमगते, आणि दिग्दर्शकाने ते फारसे लपवलेलेही नाही. याने एके काळी स्वतःच्या होरपळलेल्या बालपणावर एक चित्रपट काढला होता, समीक्षकांनी तो झोडपला आणि तेव्हापासून त्याच्या मनाची घडी विस्कटली. शेवट आम्ही सांगणार नाही.

डॅनीची भूमिका दुलकर सलमान यांनी केली आहे. आमच्या इमारतीतील मल्याळी शेजाऱ्यांना त्यांचे कोण कौतुक! मम्मूटींचे चिरंजीव, शिवाय सिनेमात पडण्यापूर्वी काही काळ दुबईत कामाला होते, म्हणजे इथल्यांच्या दृष्टीने घरचेच. कौतुक अस्थानी नाही. वेड दाखवायचे म्हणजे डोळे फिरवायचे आणि गडगडाटी हसायचे, ही आपल्याकडील जुनी समजूत. या नटाने ती पार बाजूला ठेवली आहे. घरात एकटा असताना तो स्वतःशीच बोलतो, एक विचारतो, दुसरा उत्तर देतो, आणि हे सारे घरात दोन भाऊ राहत असावेत इतक्या सहजतेने चालते. अंगावर काटा येतो तो इथे, रक्त पाहून नव्हे. जेरुसलेमला जन्मलेल्या नताली पोर्टमन यांचा ‘ब्लॅक स्वान’ (2010) आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातील नर्तकीही अशीच भ्रमात बुडत जाते, पण तिची सुरी वळते ती तिच्या स्वतःकडे. डॅनीची वळते दुसऱ्याकडे, आणि म्हणून त्याच्या भ्रमाचा हिशेब मागणे भाग आहे.

तो हिशेब असा, की समीक्षकांनी गुरुदत्तांना मारले. ‘कागज के फूल’ची निंदा झाली, त्यांनी पुन्हा दिग्दर्शन केले नाही आणि 1964 च्या ऑक्टोबरात वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. म्हणून सूड. डॅनीने असे मानावे हे त्याच्या आजाराला धरून आहे. पण चित्रपटही हळूहळू त्याच्याच बाजूने मान हलवू लागतो, आणि इथे आमचे बिनसते.

‘कागज के फूल’ पुन्हा पाहा. सुरेश सिन्हा या दिग्दर्शकाचा नाश कोणी केला? सिनेमाचा धंदा हलका मानणारे सासर आहे. मुलीचा ताबा नाकारणारे न्यायालय आहे. शांतीशी जोडलेल्या त्याच्या नावाचा बोभाटा आहे, आणि त्या बोभाट्यापायी शाळेत चिडवली जाणारी त्याची मुलगी पम्मी आहे. हे काम बेबी नाझने केले आहे. ‘बूट पॉलिश’ (1954) मध्ये आपल्या डेव्हिड चेऊलकरांच्या जॉन चाचाच्या सावलीत वाढणारी ती हीच. पम्मी शांतीकडे जाऊन वडिलांना सोडण्याची विनवणी करते, शांती सिनेमा सोडून खेड्यात शिक्षिका होते, आणि सुरेश बाटलीच्या आहारी जातो. पुढे तोच सुरेश आपल्याच जुन्या स्टुडिओत किरकोळ कामासाठी गर्दीत उभा राहतो आणि त्याला कोणी ओळखत नाही. छपरातून खाली उतरणारा तो प्रकाशाचा झोत व्ही. के. मूर्तींनी पकडला आहे, भारताच्या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटात. त्या रुंद पडद्यावर माणूस एवढासा दिसतो. परीक्षण लिहिणारा कोणी त्या झोतात उभा नाही.

प्रत्यक्षातही हिशेब इतका सरळ नव्हता. 1959 नंतर दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव पडद्यावर आले नाही हे खरे, पण पुढच्याच वर्षी त्यांनी काढलेला ‘चौदहवीं का चाँद’ तुफान चालला आणि 1962 चा ‘साहिब बीबी और गुलाम’ही त्यांचाच. गप्प बसलेला माणूस असे करीत नाही. घरातला बेबनाव, दारू, झोपेच्या गोळ्या, या गोष्टींची जबाबदारी वर्तमानपत्राच्या एका रकान्यावर टाकणे म्हणजे ज्याची पूजा करायची त्याचेच दुःख लहान करणे होय.

आणखी एक गंमत. बाल्की यांनी प्रदर्शनाआधी तीन दिवस, 20 सप्टेंबर 2022 ला, समीक्षकांना वगळून सामान्य प्रेक्षकांसाठी फुकट खेळ लावले. हुशारी म्हणून आम्ही दाद देतो. पण समीक्षकांवरचा एवढा राग दाखवणाऱ्या चित्रपटाने चांगले परीक्षण म्हणजे काय, हे दोन तासांत एकदाही दाखवू नये?

आम्हांला हे बोचते त्याला कारण आहे. आपला समाज लहान, परदेशी आलेला त्याहून लहान. हानुक्काच्या कार्यक्रमात कोणी नाटुकले बसवले तर बसवणारा कोणाचा तरी भाचा असतो. परीक्षण छापून येते ते ‘सर्वांचीच कामे सुरेख झाली’. पुढच्या वर्षी तो भाचा नाटक बसवत नाही. त्याला कोणी दुखावले म्हणून नव्हे, तर ‘दुसरा अंक लांबला, पण म्हातारीचे काम करणाऱ्या मुलीकडे लक्ष ठेवा’ असे कोणी लिहिलेच नाही म्हणून. गर्दीतला सुरेश आम्हांस तेव्हा आठवतो.

‘चुप’मधील इतर दोषांविषयी फार लिहिण्याजोगे नाही. उत्तरार्धात तपास रेंगाळतो, झेनोबियाबाई प्रेक्षकाला कळलेलेच पुन्हा समजावून सांगतात, आणि मारेकऱ्याच्या बालपणाची किल्ली फिरवली की सर्व कुलपे उघडतात, हे जरा जास्तच सोयीचे. सनी देओल मात्र या वेळी आरडाओरडा न करता वावरले आहेत, त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

रक्तपात बराच असल्याने मुलांना घेऊन बसू नये. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी आधी ‘कागज के फूल’ पाहावा, आणि तोही उपशीर्षके लावून. इथे वाढलेल्या मुलांना त्यातले उर्दू कळत नाही, पण पम्मी शांतीच्या दारी जाते तेव्हा ती आपोआप गप्प होतात, हा आमच्या घरचा अनुभव आहे.