दहांतली शेवटची

रहस्यकथेचे नाव काढले की नाक मुरडायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. वाचतात सगळे, पण उशीखाली ठेवून. वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी उघडपणे ठेवावी अशा एका रहस्यकादंबरीविषयी मी लिहिणार आहे.

अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेची ही कादंबरी १९३९ साली निघाली. आज ती ‘अँड देन देअर वेअर नन’ या नावाने ओळखली जाते. डेव्हनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर दहा माणसे जमतात. यजमानाचा पत्ता नसतो. रात्रीच्या जेवणानंतर ग्रामोफोनची तबकडी वाजू लागते आणि प्रत्येकावर मनुष्यहत्येचा आरोप ठेवते. कायद्याच्या हातून निसटलेल्या हत्येचा. मग एकेक जण मरू लागतो, आणि टेबलावरच्या दहा चिनी मातीच्या बाहुल्यांतली एकेक नाहीशी होते. खुनी कोण ते सांगणार नाही. सणासुदीला एवढे पाप कोण करील? पण शेवटी कोण उरते ते सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

उरते व्हेरा क्लेथॉर्न. बाई माझ्याच पेशातली, शाळेत खेळ शिकवणारी. पूर्वी ती सिरिल नावाच्या मुलाला घरी सांभाळीत व शिकवीत असे. तो मेला तर इस्टेट तिच्या प्रियकराला मिळणार होती. त्या अशक्त पोराला तिने दूरच्या खडकापर्यंत पोहत जाऊ दिले, आणि मग वाचवायला म्हणून, वेळेवर पोचणार नाही अशा बेताने, मागून निघाली. चौकशीत तिच्या धैर्याची वाहवा झाली! लोकांची मुले रोज ज्याच्या हवाली केली जातात, त्याला हे पान सहज उलटता येत नाही.

शेवटच्या सोबत्याला व्हेराने स्वतःच गोळी घातलेली असते. एखाद्या लेखकाने इथे हुश्श म्हटले असते. ख्रिस्तीबाईंची करामत इथून सुरू होते. टेबलावर तीन बाहुल्या असतात. व्हेरा हसते, दोन खिडकीबाहेर फेकते आणि तिसरी मुठीत धरून जिना चढते. भ्यावे असे आता कोणी उरलेले नाही, म्हणूनच तो समुद्र आणि ते पोर मनात परत येते. खोलीत फास टांगलेला आहे, खाली खुर्ची आहे. इतका वेळ हिने वाचावे म्हणून आपण देव पाण्यात घालून बसलेलो असतो. का वाचावे?

१९४३ साली लंडनमध्ये नाटक आले तेव्हा लेखिकेने स्वतःच व्हेराला निर्दोष ठरवून जगवले. मला तो बदल पसंत नाही. निर्दोष व्हेरा म्हणजे नुसती संकटात सापडलेली नायिका. तशा आपल्याकडे पैशाला पासरी. (१९६५ च्या ‘गुमनाम’ने तर याच बीजावर गाणीही चढवली.)

कादंबरीतही अखेरचे बाटलीतले पत्र जरा लांबते; गणित फळ्यावर सोडवून दाखवल्यासारखे वाटते. त्याहून त्याआधीचा एक तपशील मोलाचा आहे. पोलिसांना व्हेराच्या खोलीतली खुर्ची भिंतीशी नीट लावून ठेवलेली आढळते. फासावर लटकलेली बाई खुर्ची उचलून ठेवीत नाही.