‘खुकरी’चे साक्षीदार : स्मृति आणि पुरावा

९ डिसेंबर १९७१ रोजीं रात्रीं दीवनजीकच्या समुद्रांत ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीनें बुडविली. १८ अधिकारी व १७६ नाविक, एकूण १९४ माणसें, कामास आलीं, ६७ वांचलीं. या वांचलेल्यांच्या कथनांवर आधारलेला मेजर जनरल इयान कार्डोझो यांचा इंग्रजी ग्रंथ २००६ सालीं प्रसिद्ध झाला. सरकारी दप्तर उघडण्याची वाट पाहत न बसतां हयात साक्षीदारांकडे जाणें हेंच या उद्योगाचें मोल होय, आणि त्याबद्दल अभ्यासकांनीं ग्रंथकाराचे ऋणी राहिलें पाहिजे. परंतु ऋण मान्य केलें म्हणजे परीक्षण संपलें, असें नव्हे.

पहिला प्रश्न काळाचा. घटना व ग्रंथ यांमध्यें ३५ वर्षांचें अंतर आहे. पानिपतचा संग्राम १७६१ चा आणि काशीराजाची हकीकत सुमारें १७८० ची. तेवढ्या अंतरामुळेंहि आपण ती हकीकत समकालीन पत्रांशीं ताडून घेतों. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींस जी कसोटी लाविली, ती समुद्रावरील साक्षीदारासहि लाविली पाहिजे. कसोटी लावणें म्हणजे साक्षीदारास खोटें ठरविणें नव्हे. त्याची साक्ष कोणत्या बाबतींत ग्राह्य, हें ठरविणें होय.

उदाहरण घेऊं. ‘हंगोर’चे कप्तान अहमद तस्नीम यांनींहि आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांप्रमाणें पहिला पाणतीर ‘कृपाण’वर सोडला, तो फुटला नाहीं, दुसऱ्यानें ‘खुकरी’ बुडाली, तिसरा पुन्हा ‘कृपाण’वर सोडला. या तिसऱ्यानें ‘कृपाण’ची हानि झाली असें पाकिस्तानी पक्ष म्हणतो, भारतीय पक्ष तें नाकारतो. येथें कोणाचें निशाण आपलें, यावरून निवाडा करितां येत नाहीं. गोदीचीं दुरुस्तीचीं दप्तरें पाहिलीं पाहिजेत. तसेंच अंधारांतील एखाद्या नाविकानें दोन धमाके ऐकले म्हणून दोन पाणतीर लागले, असेंहि म्हणतां येत नाहीं. संख्या, वेळ व दिशा यांविषयीं स्मृति दुबळी असते. उलट जहाज कलंडतांना जिन्यांत काय घडलें, पाण्यांत कोणी कोणास धरून ठेविलें, सुटका होईपर्यंत माणसें काय बोलत होतीं, हें कोणत्याहि दप्तरांत मिळावयाचें नाहीं. तेथें साक्षीदार हेंच एकमेव अस्सल साधन.

कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनीं आपलें जीवरक्षक जाकीट दुसऱ्यास दिलें व ते नौकेबरोबर गेले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यांस मरणोत्तर महावीर चक्र मिळालें. परंतु जी हकीकत सर्वश्रुत होते, ती ऐकणाऱ्यांच्या स्मृतींतहि शिरते. म्हणून कोणी, कोठून, काय पाहिलें व तें प्रथम केव्हां सांगितलें, याची नोंद आवश्यक आहे. यांत त्या वीराचा अधिक्षेप नाहीं. परीक्षेंतून उतरलेली कीर्तिच टिकते.

अशा लोकप्रिय संग्रहांची सामान्य उणीव हीच कीं, कथनाच्या ओघांत साक्ष व संपादकाची भाषा यांमधील सीमा पुसली जाते. पुढील संग्राहकांनीं प्रत्येक साक्षीदाराची जबानी एकेकट्यानें घ्यावी, त्याच्या मातृभाषेंत घ्यावी, प्रश्न व उत्तर दोन्ही जशींच्या तशीं ठेवावीं, आणि तिथि, स्थळ व घेणाराचें नांव लिहावें. वांचलेल्या ६७ जणांत अधिकारी ६ व नाविक ६१ होते, हेंहि विसरूं नये. अधिकारी ग्रंथ लिहितात. नाविकाची हकीकत बहुधा घरांतच राहते.

१९७१ सालीं वीस वर्षांचा असलेला नाविक २०२१ सालींच सत्तरीस पोंचला. कागदास कसर लागली तरी पुढील पिढीस चार तुकडे मिळतात. साक्षीदार गेला म्हणजे तेवढेंहि उरत नाहीं. कोंकणांत व मुंबईंत निवृत्त नाविकांचीं घरें पुष्कळ आहेत. जीं मंडळें गांवोगांव हिंडून दप्तरें गोळा करितात, त्यांनीं त्याच फेरींत या घरांचींहि दारें ठोठवावीं.