हत्तीबद्दल बोलायचं कुणी?

राजाच्या लाडक्या हत्तीनं गावातलं पोर चिरडलं. झकेरिया गावकऱ्यांना गोळा करतो आणि तक्रारीची तालीम घेतो: त्यानं सुरुवात करायची, पुढचं सगळ्यांनी एका सुरात बोलायचं. दरबारात मात्र तो ‘हत्ती’ म्हणतो आणि मागे चिडीचूप. एक चिमुरडी बोलू पाहते, तर आईच तिच्या तोंडावर हात ठेवते. शेवटी वैतागून झकेरिया राजाला विनवतो, हत्ती एकटा पडलाय, त्याचं लग्न लावून द्या.

सीरियन नाटककार सादल्लाह वन्नूस यांचं हे नाटक १९६९चं. देशात १९६३पासून आणीबाणी होती, ती उठली थेट २०११मध्ये. म्हणून हे नाटक सत्तेवरची टीका म्हणून पाहिलं जातं. मला ते प्रेक्षकांवरचं आरोपपत्र वाटतं, आणि त्याचं मोठेपण त्यातच आहे. कारण पुढे आलेल्या असद राजवटीत टीकेला सरसकट बंदी नव्हती. लोकांच्या मनातली वाफ निघून जावी एवढी मोकळीक सरकारच देई. मुहम्मद अल-मागूत यांनी लिहिलेल्या आणि दुरैद लहाम यांनी गाजवलेल्या नाटकांत लाचखोरी, पोकळ घोषणा, गुप्तहेर या साऱ्यांची टर उडे. राष्ट्राध्यक्षाला तेवढा हात लागत नसे. मागूत स्वतः तुरुंग भोगलेले, त्यांची तळमळ खरीच होती. तरी ही नाटकं राजवटीनं पचवली. सिनेमाची तऱ्हा आणखी विचित्र: उसामा मुहम्मद यांचा ‘भरदिवसा तारे’ सरकारी संस्थेनंच काढला, १९८८मध्ये तो कानला दाखवला गेला आणि असदांच्या काळात देशातल्या थिएटरांत लागलाच नाही.

दरबारात न उमटलेला तो सामूहिक आवाज उमटला तुरुंगात. कवी फरज बैरकदार १९८७ ते २००० कैदेत होते. हाती कागद-पेन नव्हतं, तेव्हा सोबतच्या कैद्यांनी त्यांच्या कविता पाठ करून जपल्या. पुढे चहा आणि कांद्याच्या सालींपासून शाई केली गेली.

२०११च्या उठावात आडपडदा गळून पडला. व्यंगचित्रकार अली फरजात वर्षानुवर्षं बिननावाचे सेनाधिकारी काढत आले होते. त्यांच्या व्यंगचित्रांत आता खुद्द राष्ट्राध्यक्ष बशार असद दिसू लागला. ऑगस्टमध्ये बुरखाधारी गुंडांनी त्यांचे हात मोडले. त्याच वर्षी ‘मसासित माती’ या गटानं बोटांवरच्या बाहुल्यांतून बशारचा ‘बीशू’ केला. नाक्यावरच्या झडतीतून पार होतील एवढ्याशा त्या बाहुल्या. धाडस अफाट, पण कला म्हणून त्यातलं बरंचसं त्या वर्षापुरतंच.

टिकेल ते कादंबरीकार खालिद खलीफा यांचं लेखन. २०२३मध्ये मरेपर्यंत त्यांनी दमास्कस सोडलं नाही. त्यांच्या २०१३च्या अलेप्पोवरील कादंबरीतली सौसन सत्ताधारी पक्षाच्या छत्रीधारी दलात जाते, दरारा गाजवते आणि पुढे त्याच दिवसांची तिला लाज वाटू लागते. ८ डिसेंबर २०२४ला राजवट कोसळली. सीरियन लेखकांकडून मला आता सौसनसारखी माणसं हवी आहेत. हुकूमशहा पळाला, त्याच्यासाठी पाळत ठेवणारे कितीतरी शेजारी अजून त्याच गल्लीत राहतात.