सिनेटर बर्डचे दहा डॉलर

तडजोड हा शब्द आपल्या घरांतून बहुधा कौतुकानेच उच्चारला जातो. भाऊबंदकीचा तंटा मिटला, लग्नातील मानपानाचा पेच सुटला, की मध्यस्थी करणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपण दुवा देतो. पण ज्याच्या आयुष्याचा सौदा व्हावयाचा, त्यालाच बैठकीत जागा नसेल तर? अमेरिकेतील गुलामगिरीवरच्या तडजोडी अशाच होत्या. हॅरिएट बीचर स्टो ह्यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी त्यांतील एका तडजोडीच्या संतापातून जन्माला आली.

१८२० साली मिसुरीला गुलामांचे राज्य म्हणून मान्यता मिळाली, पारडे समतोल राहावे म्हणून मेनला मुक्त राज्य म्हणून घेतले गेले, आणि पश्चिमेच्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांवर एक रेघ ओढण्यात आली. मिसुरी वगळता तिच्या उत्तरेस गुलामगिरी नको, असे ठरले. पुढे मेक्सिकोकडून नवा मुलूख मिळाला आणि भांडण पुन्हा पेटले. १८५० साली कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले. दक्षिणेची समजूत काढण्यासाठी फरारी गुलामांचा कायदा कडक करण्यात आला. डॅनियल वेब्स्टरसारख्या उत्तरेच्या थोर वक्त्यानेही, संघराज्य टिकावे म्हणून, त्याला पाठिंबा दिला. ह्या कायद्यातील एक कलम मोठे बोलके आहे. पकडलेला माणूस मालकाच्या स्वाधीन केला तर आयुक्ताला दहा डॉलर, सोडून दिला तर पाच! आसरा देणाराला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद.

स्टोबाईंनी हा सारा वाद कायदेमंडळातून उचलून एका स्वयंपाकघरात आणला. माझ्या मते नववे प्रकरण हे कादंबरीचे मर्म आहे. टॉमचा मृत्यू किंवा चिमुकल्या ईव्हाचा अंत नव्हे. (ईव्हाचे प्रकरण आज फारच गोड लागते.) ओहायो राज्याचा सिनेटर बर्ड घरी येतो. केन्टकीहून पळून येणाऱ्या गुलामांना मदत करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याला त्याने नुकतेच मत दिलेले असते. बायको मेरी जाब विचारते, तेव्हा तो सार्वजनिक हिताचे मोठमोठे दाखले देतो. तोच बर्फाच्या लाद्यांवरून नदी ओलांडून आलेली एलायझा मुलाला घेऊन त्याच्याच स्वयंपाकघरात पोहोचते. तुमचे मूल कधी गेले आहे का, असे ती मेरीला विचारते. ह्या घरातले मूल महिन्यापूर्वीच गेलेले! सिनेटर खिडकीकडे तोंड फिरवतो, आणि थोड्या वेळाने, अडखळत, त्या मुलाच्या कपड्यांच्या खणाची आठवण बायकोला तोच करून देतो. स्टोबाईंचा स्वतःचा लहान मुलगा १८४९ मध्ये पटकीने दगावला होता. तो खण कोणी उघडला, हे सांगावयास नको.

रात्रीच्या चिखलातून गाडीने बर्ड त्या मायलेकरांना एका सुरक्षित घरी पोहोचवतो आणि निरोप घेताना यजमानाच्या हातात तिच्यासाठी दहा डॉलरची नोट ठेवतो. आयुक्ताचे दहा डॉलर आणि हे दहा डॉलर! लेखिकेने हे जाणूनबुजून केले असो वा नसो, वाचताना ते आकडे एकमेकांसमोर उभे राहतातच. मात्र बर्ड तसाच परततो, कारण त्याला कोलंबसची गाडी गाठावयाची असते. दिलेले मत तो मागे घेत नाही. त्याच्या मायाळूपणावर स्टोबाई इतक्या खूश आहेत, की ह्या गोष्टीचा हिशेब त्या नीट मांडत नाहीत.

शेवटाकडे ही उणीव वाढत जाते. एलायझाचा नवरा जॉर्ज हॅरिस हा कादंबरीतला सर्वांत स्वाभिमानी पुरुष. कॅनडात मुक्त झाल्यावर, फ्रान्समध्ये शिक्षण घेतल्यावर, लेखिका त्याला सहकुटुंब आफ्रिकेतील लायबेरियाला पाठवते. गुलामगिरी जावी, पण मुक्त झालेला काळा माणूस शेजारी नसावा, असे म्हणणाऱ्यांचाही एक मोठा पक्ष तेव्हा अमेरिकेत होता. तडजोडीविरुद्ध लेखणी उचलणाऱ्या बाईंनी अखेरीस त्यांच्याशी तडजोड केली, असेच म्हणावे लागते.

आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, तेव्हा यादवी युद्ध संपून आठ वर्षे झाली होती. त्या लोकांमध्ये स्टोबाईंचे स्थान मोठे आहे, ह्यात शंका नाही. परंतु लायबेरियाचा प्रश्न त्यांच्या हयातीतच त्यांच्यापुढे आला. फ्रेडरिक डग्लस हे मेरीलँडहून पळून आलेले गुलाम, पुढे नामांकित वक्ते आणि संपादक. १८५३ साली त्यांनी स्टोबाईंना पत्र लिहून अदबीने, पण स्पष्टपणे कळवले, की आम्ही हा देश सोडून जाणार नाही. आमच्यासाठी काही करावयाचे असेल, तर कारागिरी शिकवणारी शाळा येथेच काढावी.