डोंबिवलीचे मुडदे आणि रानातला वेताळ

न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सनने १९९२ साली ‘ब्रेनडेड’ हा रक्ताने न्हालेला हास्यपट काढला आणि २००१ ते २००३ या काळात ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन भव्य चित्रपट. त्या भव्यतेतही जुना खट्याळ जॅक्सन मधूनच डोकावतो. आपल्याकडे असा माग काढावयाचा तर आदित्य सरपोतदार हेच नाव प्रथम सुचते.

त्यांचा ‘झोंबिवली’ २०२२ साली आला. डोंबिवलीतल्या उंच इमारती, शेजारी पाण्यासाठी तळमळणारी वस्ती, आणि मध्येच उठून चालू लागलेले मुडदे! अमेय वाघचा भित्रा इंजिनिअर पाहून आपण हसतो खरे. पण पोटात असलेला गोळा काही विरघळत नाही, कारण ती पाण्याची चिंता आपल्या ओळखीची असते. आम्हां झाडीपट्टीतल्या प्रेक्षकांना ही भेसळ मुळीच परकी नाही. वडशाच्या मंडळींचे नाटक रात्रभर चालते. आता पदराने डोळे टिपणाऱ्या बाया घटकाभरात खो खो हसत असतात. चामोर्शीत बसून मी सरपोतदारांचे चित्रपट पाहतो ते याच सवयीच्या नजरेने.

२०२४ चा ‘मुंज्या’ हिंदीत आला, तरी भूत मात्र अस्सल कोकणी. मुंज झालेला, पण लग्नाआधीच मेलेला पोर पिंपळावर राहतो, ही समजूत मराठी घरात कोणाला सांगावी लागत नाही. त्या भुताचा हट्ट काय, तर लग्न! भीती आणि हसू येथे एकाच मुळातून फुटतात. संगणकाने घडविलेले ते ध्यान म्हणूनच खोटे वाटत नाही. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत सरस चित्रपट होय.

मग २०२५ च्या दिवाळीत ‘थामा’ आला. आयुष्मान खुराना, रश्मिका मंदाना, नवाजुद्दीन सिद्दिकी. खर्च मोठा, थाट मोठा, वेताळांचे आख्खे कूळच रानात. फाळणीतला रक्तपात पाहून वेताळांनी माणसाचे रक्त वर्ज्य केले, ही कल्पना तर फारच मार्मिक. परंतु ती सांगून होते न होते, तोच हाणामारी सुरू होते आणि पुढल्या चित्रपटांची सोय पाहिली जाते.

मला खटकले ते रान. आमच्या बाजूला मोह वेचायला जाणाऱ्या बाईला रानाची धास्ती असते ती वाघाची. आणि सांजेला ओसरीवर तीच बाई वाघाची नक्कल करून पोरांना हसविते. ‘थामा’च्या रानात वेताळ पुष्कळ आहेत, पण कोणी काही वेचायला गेलेले दिसत नाही. तेथे भ्यावे तरी कोणासाठी?

जुने सरपोतदार भेटतात ते घरात. मुलाने आणलेल्या त्या अजब मुलीकडे संशयाने पाहणारा बाप परेश रावलांनी असा रंगविला आहे, की आता सून म्हणून वेताळीण पत्करावी की काय, ही त्याची पंचाईत कोणाही मध्यमवर्गीय बापाची वाटावी. त्या दिवाणखान्यात कॅमेरा आणखी थोडा वेळ रेंगाळला असता, तर मी रानातल्या अर्ध्या मारामाऱ्या आनंदाने सोडून दिल्या असत्या.