वाऱ्याची तक्रार

एल्टन जॉन या विख्यात इंग्रज गायकाच्या आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. लंडनच्या एका हॉटेलात, अमली पदार्थांच्या अमलाखाली रात्र जागून काढल्यावर, बाहेर घोंघावणाऱ्या वाऱ्यामुळे त्याला झोप येईना. तेव्हा त्याने आपल्या कचेरीत दूरध्वनी केला आणि या वाऱ्याचा काही बंदोबस्त करावा, असे फर्मावले! इतर वाचक येथे हसून पुढे जातील. आम्ही पडलो कारकून. आमचे लक्ष प्रथम गेले ते दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाशी बसलेल्या माणसाकडे.

‘मी’ असे एकाक्षरी नाव धारण करणारे हे पुस्तक २०१९ साली प्रसिद्ध झाले. लेखनास अलेक्सिस पेट्रिडिस या संगीतसमीक्षकाचे साहाय्य होते. त्यामुळे भाषा कोणाची आणि आठवण कोणाची, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतो. तरीही हे पुस्तक परक्याच्या हातचे वाटत नाही, याचे श्रेय त्यातील विनोदास दिले पाहिजे. हा विनोद प्रायः स्वतःवरच उलटलेला आहे.

१९४७ साली लंडनजवळच्या पिनर येथे जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव रेजिनल्ड ड्वाइट. वडील हवाई दलात अधिकारी. ते घरी आले की घरात शिस्त येई आणि हसणे पळून जाई. बदलीच्या नोकरीतील आमच्या वाचकांनी हा भाग सावकाश वाचावा, अशी आमची विनंती आहे. अकराव्या वर्षी रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकची शिष्यवृत्ती, १९६७ साली गीतकार बर्नी टॉपिन याची गाठ, १९७० साली लॉस एंजेलिसमधील पदार्पण आणि पाठोपाठ कीर्तीचा महापूर. १९७४ च्या सुमारास कोकेन आले. पुढच्याच वर्षी, लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवरील प्रचंड कार्यक्रमांच्या तोंडावर, त्याने मूठभर गोळ्या गिळून आप्तांच्या देखत पोहण्याच्या तलावात उडी घेतली. आता आपणा सर्वांना घरी परतावे लागणार, ही आजीबाईंची चिंताही त्याने प्रामाणिकपणे नोंदविली आहे.

आमचा आक्षेप येथेच आहे. असा प्रसंग ऐकून आपण हसतो, आणि हसलो की सुटतो. विनोद हे या लेखकाचे शस्त्र आहे तसे कवचही आहे. बड्या नावांची वर्दळही आम्हांस काही ठिकाणी कंटाळवाणी झाली.

परंतु १९९० सालाची प्रकरणे येताच कवच गळून पडते. रायन व्हाइट या इंडियानातील मुलास रक्तस्रावाच्या विकारावरील औषधातून एड्सची बाधा झाली होती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, अठराव्या वर्षी, तो वारला. त्याच्या अखेरच्या दिवसांत हा गायक रुग्णालयात त्या कुटुंबाच्या सोबतीस होता. ज्यांच्यावर आकाश कोसळले त्यांच्या ठायी शांती, आणि ज्यास काहीच उणे नाही तो उद्ध्वस्त, हा विरोध त्यास सहन झाला नाही. काही महिन्यांनी तो शिकागोजवळच्या रुग्णालयात उपचारासाठी दाखल झाला. तेथे त्याने कोकेनला निरोपाचे पत्र लिहिले. आणि त्रेचाळिसाव्या वर्षी कपडे धुण्याचे यंत्र चालविणे शिकला. आमच्या मते पुस्तकातील सर्वांत मोठे वाक्य ‘मी व्यसन सोडले’ हे नव्हे, तर ‘मला हे येत नाही, शिकवा’ हे आहे. ते कोठेही या शब्दांत लिहिलेले नाही. पण ऐकू येते.

व्यसनाची मराठीतील थोर कथा म्हणजे गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांस रडविले. पण सुधाकरास परतीची वाट त्यात नाही. शोकांतिकेस ती नसणेच शोभते. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये स्वतःविषयीचे धैर्य आहे, किनारा नाही. अनिल अवचटांनी ‘मुक्तांगण’च्या निमित्ताने परतणाऱ्यांविषयी लिहिले, तथापि परतलेल्याने स्वमुखाने सांगितलेली हकीकत आपल्याकडे अद्याप विरळाच. आपला मध्यमवर्ग सुधाकरासाठी अश्रू ढाळतो आणि शेजारच्या सुधाकराविषयी मौन पाळतो.

हे मौन आम्हीही पाळले आहे. परप्रांतात एका कचेरीत आमच्या शेजारच्या टेबलावर एक मराठी गृहस्थ होते. गणेशोत्सवात त्यांचा पहाडी आवाज मंडप भरून टाकी. पुढे त्यांचे रजेचे अर्ज वाढू लागले. कारण नेहमी एकच: प्रकृती अस्वास्थ्य. कारण आम्हा सर्वांस ठाऊक होते. आम्ही त्यांची थकलेली टिपणे पुरी करून देत असू आणि यालाच स्नेह समजत असू. ‘काय होते आहे, राव?’ एवढे कोणी विचारले नाही. एके दिवशी त्यांची बदली झाली आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

म्हणून हे पुस्तक, त्यातील श्रीमंतीचा झगमगाट सोसूनही, आमच्या वाचकांनी वाचावे. वाऱ्याची तक्रार करणारा माणूस खरोखर वाऱ्याविषयी बोलत नसतो. रजेच्या अर्जांचेही तसेच होते. दुसऱ्या टोकाशी आम्ही होतो. अर्ज आमच्या हातून पुढे जात होते, आणि आम्ही आवक क्रमांक घालण्यापलीकडे काहीच केले नाही.