व्यापारी नभोवाणी आणि मुंबई शहर

सिनेमाचीं गाणीं वाजवून जाहिरातींवर जगणाऱ्या नभोवाणी-केंद्राचा विचार वाङ्मयविषयक मासिकानें कां करावा, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्या शहरांत असंख्य लोक सकाळीं वर्तमानपत्र उघडण्यापूर्वीं कोणाची तरी बडबड ऐकतात, त्या शहराच्या बोलण्याला त्या बडबडीनें कांहीं ना कांहीं वळण लागतेंच. आणि जेथें भाषेला वळण लागतें तेथें टीकाकारास काम आहे.

मुंबईंत खाजगी नभोवाणी ही सरकारी नभोवाणीहून वडील आहे, ही गोष्ट आतां फारशी कोणाच्या लक्षांत नाहीं. २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें येथें जें केंद्र उघडलें तें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें. तीन वर्षांत, १९३० सालीं, ती कंपनी बुडाली व सरकारास तें काम हातीं घ्यावें लागलें. पुढें १९५२ मध्यें डॉ. बाळकृष्ण केसकर या मराठी मंत्र्यांनीं आकाशवाणीवरील सिनेसंगीताची वाट आवळली. हेतु अभिजात संगीताच्या उत्कर्षाचा होता, पण श्रोते उठून सिलोनला गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ अमीन सयानी मुंबईंत ध्वनिमुद्रित करीत. फिती विमानानें कोलंबोस जात आणि तेथून समुद्र ओलांडून तीच वाणी पुन्हा मुंबईकरांच्या घरीं येई. अशी द्राविडी प्राणायामाची सोय क्वचितच कोणा सरकारनें आपल्या प्रजेस करून दिली असेल! १९५७ मध्यें विविध भारती निघाली, आणि १९६७ मध्यें मुंबई, पुणें व नागपूर येथें तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. म्हणजे देशांतील सरकारी व्यापारी नभोवाणीचा पाळणा महाराष्ट्रांत हालला.

आजची खाजगी केंद्रें मात्र निराळ्या दारानें आलीं. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निर्णयांत सर्वोच्च न्यायालयानें ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचें सांगितलें. १९९९ च्या धोरणानें सरकारनें त्या मालमत्तेचा लिलाव मांडला. मुंबईच्या एका परवान्याची बोली वर्षाला ९.७५ कोटि रुपयांवर गेली, आणि त्यावर दरसाल शेंकडा १५ वाढ. दहा वर्षांच्या परवान्यांत शेवटच्या वर्षाचें शुल्क पहिल्याच्या साडेतीन पटींच्या घरांत जाणार हें शाळेंतल्या मुलालाहि काढतां येईल. बोली लावणाऱ्या धनिकांनीं तें गणित केलें नसावें असें पुढील घटनांवरून वाटतें. कांहीं केंद्रें तोट्यानें बंद पडलीं, आणि २००५ मध्यें सरकारनें ती पद्धत सोडून एकरकमी प्रवेशशुल्क व उत्पन्नाचा शेंकडा ४ हिस्सा अशी नवी रीत घातली. हा हिशेब आम्ही उगाच मांडीत नाहीं. मुंबईच्या केंद्रांवर सदैव तींच तीं नवीं हिंदी गाणीं कां, या तक्रारीचें उगमस्थान येथें आहे. ज्यानें इतके मोल दिलें तो सर्वांत मोठी गर्दी जेथें आहे तेथेंच दुकान मांडणार. मराठी गाणें, जुनें गाणें, गोव्याचें कोंकणी गाणें यांस त्या दुकानांत फळी मिळेना, ती रुचीच्या अभावानें नव्हे, तर भाड्याच्या दरानें.

२००२ सालीं मुंबईंत ज्या केंद्रांचे आवाज लागले त्यांत ९३.५ वरील रेड एफ्. एम्. हें एक. प्रारंभीं तें इंडिया टुडे समूहाचें होतें. पुढें मालकी बदलली व दक्षिणेकडील सन समूहाचा त्यांत मोठा वाटा झाला. ‘बजाते रहो’ हें त्याचें ब्रीद. गाणीं वाजवीत राहा, हा त्याचा सरळ अर्थ. कोणाचें तरी वाजवीत राहा, हा मुंबईच्या बोलींतला दुसरा. आमच्या मतें या केंद्राचें सारें बरेंवाईट त्या दुसऱ्या अर्थांत सांठविलेलें आहे.

खाजगी केंद्रांना स्वतःची बातमी देण्यास मनाई असल्यानें हा दुसरा अर्थ त्यांस हवासा वाटला. २०११ च्या धोरणानें आकाशवाणीच्या बातम्या फेरफार न करतां लावण्याची, आणि वाहतूक, हवामान, पाणी, वीज, परीक्षांचे निकाल अशी स्थानिक माहिती देण्याची मुभा दिली. म्हणजे पाणी उद्यां येणार नाहीं हें सांगतां येतें. तें कां येणार नाहीं हें शोधून सांगण्याची वाट नाहीं. ज्यास साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें राहूं देत नाहींत, त्यानें विदूषकाची टोपी घालावी हें ओघानेंच आलें. आमच्या तमाशांतील बतावणींत सोंगाड्या भर फडांत राजाची टर उडवीत असे, तें याच न्यायानें. थट्टेला जबानीचे नियम लागत नाहींत.

२०१७ च्या जुलै महिन्यांत या केंद्राची सकाळची निवेदिका मलिष्का हिनें ही बतावणी केली. त्या वेळीं महाराष्ट्रभर हातोहातीं फिरत असलेल्या एका बाळबोध मराठी गाण्याची चाल घेऊन तिनें महापालिकेवर विडंबन रचलें : खड्डे, तुंबलेलें पाणी, रखडलेली वाहतूक. काव्य म्हणून पाहूं गेल्यास त्यांत कांहीं नाहीं. यमकें ओढून आणलेलीं, कल्पना रस्त्यावर पडलेली. तरी आम्हांस त्यांत दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. पहिली ही कीं, हिंदीवर पोसलेल्या केंद्राला ज्या दिवशीं खरोखर मुंबईविषयीं बोलावयाचें झालें त्या दिवशीं मराठीच घ्यावी लागली. खड्ड्याशीं भांडण करावयाचें तर घरच्याच भाषेंत करावें लागतें. दुसरी गोष्ट प्रत्युत्तराची. महापालिकेच्या माणसांना निवेदिकेच्या घरीं डासांच्या अळ्या सापडल्या व नोटीस निघाली. सत्ताधारी शिवसेनेच्या नगरसेवकांनीं ५०० कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली. एका भिकार यमकाची इतकी किंमत आमच्या कोणत्याहि कवीस आजवर मिळालेली नाहीं. अळ्या खऱ्या असोत. परंतु त्या शोधण्याची तत्परता गाण्यानंतरच कां आली, याचें उत्तर नगरपित्यांनीं दिलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं.

येथवर आम्ही केंद्राच्या बाजूचे. यापुढें नाहीं. २०१८ च्या पावसाळ्यांत पुन्हा खड्डे, या वेळीं ‘झिंगाट’च्या चालीवर, २०१९ मध्यें खड्ड्यांना चंद्रावरील विवरांची उपमा देणारें नवें दृश्य. पहिल्या वेळीं जो राग होता तो तिसऱ्या वेळीं हंगामी खेळ झाला. गणपतींत जशी आरास, तसें पावसाळ्यांत खड्ड्यांचें गाणें. श्रोता हंसतो, मोबाइलवरून दहा जणांस पाठवितो आणि त्याच खड्ड्यांतून कचेरीस जातो. तक्रार करण्याची जी खाज त्याच्या मनांत होती ती हंसण्यानें भागली. सोंगाड्याला बतावणीनंतर वगांत उतरावें लागे. तेथें कथा असे, माणसें असत, प्रसंगाचा शेवट लावावा लागे. आमच्या केंद्राची बतावणी संपतांच जाहिरात लागते.

आणखी एक विचित्र योग. हें विडंबन ज्यांनीं पाहिलें त्यांतील पुष्कळांनीं तें नभोवाणीवर ऐकलेंच नाहीं. चित्रफितीच्या रूपानें खिशांतल्या पडद्यावर पाहिलें. ज्या लहरीसाठीं कोट्यवधींची बोली लागली तिच्यावर बंधनें, आणि जेथें परवाना लागत नाहीं तेथें वाटेल तें बोला! अशा स्थितींत बातमीबंदी नेमकी कोणाचें रक्षण करीत आहे हें आम्हांस समजत नाहीं. चित्रवाणीवर खाजगी वृत्तवाहिन्या दिवसरात्र आरडाओरड करीत असतां, केवळ कानानें ऐकावयाच्या बातमीनें राज्य उलथेल, ही भीति हास्यास्पद आहे.

सप्टेंबर २०२३ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें खाजगी केंद्रांस दर तासाला दहा मिनिटें बातम्या देऊं द्याव्या, अशी शिफारस केली. तिचें आम्ही स्वागत करतों, परंतु साशंक मनानें. दहा मिनिटांच्या बातमीस वार्ताहर लागतात, ते प्रभागाच्या सभेस जाऊन बसावे लागतात, निविदेचे कागद वाचावे लागतात, आणि चूक झाल्यास दुसऱ्या दिवशीं ती कबूल करावी लागते. हा खर्च, तींच तीं पांचपन्नास गाणीं फिरवून पैसा मिळविण्याची संवय लागलेलीं केंद्रें करतील काय? कीं तीं दहा मिनिटेंहि त्याच हंसऱ्या आवाजाच्या स्वाधीन करून मोकळीं होतील? मलिष्काच्या आवाजांत जी धिटाई आहे ती आम्ही मानतों. तिच्या मागें एखादा वार्ताहर महापालिकेच्या दारांत उभा असता, तर २०१७ च्या त्या गाण्यांत कोणत्या रस्त्याचें काम कोणत्या ठेकेदारास किती रुपयांना दिलें होतें, हेंहि एका कडव्यांत येतें. आणि मग त्याला उत्तर म्हणून डासांच्या अळ्या पुरल्या नसत्या.